सहा सेकंदांची थांबाबाई

माझ्या नणंदेला लोक थांबाबाई म्हणायचे, आणि सुरुवातीला तरी ते कौतुकाने म्हणत नव्हते. शहरातून जाणाऱ्या द्रुतगती मार्गावर चढायच्या रॅम्पवर या बाईंनी सिग्नल बसवला होता. पुढे हायवे मोकळा दिसतोय, पाय ॲक्सिलरेटरवर शिवशिवतोय, आणि मध्येच एक लाल दिवा म्हणतो, थांबा. असा दिवा बसवणारीला लोक दुसरं काय म्हणणार?

मी त्यांना वन्सं म्हणते. त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून तोंडात बसलेला शब्द आता कुठे बदलणार! मी जन्म काढला रंगमंचावर. राण्या केल्या, सासवा केल्या, एकदा तर भूतही केलं. टाळ्या पोटभर घेतल्या. पण टाळ्या वाजवाव्यात असं काम या घरात खरोखर कुणी केलं असेल, तर ते या बाईंनी; आणि त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवलेली मी ऐकली नाही. ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची आहे. ती आता लिहून टाकते, नाहीतर माझ्याबरोबर जायची.

बाविसाव्या वर्षी वन्सं रस्ते खात्यात लागल्या त्या गाड्या मोजायला. हायवेवरून पलीकडे जाणारा एक पादचारी पूल होता. त्यावर एक स्टूल, डोक्यावर छत्री, हातात बटणाचं मोजयंत्र. खालून गाडी गेली की टिक. उन्हात टिक, थंडीत टिक. दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत. लोकांच्या बोटांना अंगठ्या असतात, वन्संच्या अंगठ्याला घट्टा होता. पुढे कॅमेरे आले, कंट्रोल रूम आली आणि त्या पुलावरून खुर्चीत गेल्या, पण मोजायची खोड काही सुटली नाही. माझ्या नाटकाला यायच्या आणि मध्यंतरात विंगेत येऊन सांगायच्या, "वहिनी, डावीकडच्या दाराने दोनशे बारा माणसं आली, उजवीकडच्याने ऐंशी. तुमचा तिकीट फाडणारा चुकीच्या जागी उभा आहे."

"आणि नाटक कसं वाटलं?"

"अजून अर्धंच झालंय ना," म्हणायच्या.

इतकी वर्षं मोजून मोजून त्यांना एक गोष्ट दिसली होती, जी रोज त्या रस्त्यावर अडकणाऱ्या आम्हा कुणालाच दिसली नव्हती. हायवे तुंबतो तो गाड्या फार झाल्या म्हणून नव्हे; त्या घोळक्याने घुसतात म्हणून. खालच्या रस्त्यावरचा सिग्नल सुटतो, वीस गाड्या एकदम रॅम्प चढतात आणि हायवेवरच्या रांगेत डोकं खुपसतात. तिथला एक ब्रेक मारतो, त्याच्या मागचा जास्त जोरात मारतो, आणि मैलभर मागे कुणीतरी ठप्प उभा राहतो. का उभा राहिला, ते त्यालाही ठाऊक नसतं.

मला हे समजेना, तेव्हा त्यांनी माझ्याच भाषेत सांगितलं. "दरबाराचा प्रवेश असतो ना तुमचा? वीस सैनिक विंगेतून एकदम घुसले तर?"

"तर पहिला राजाच्या अंगावर पडेल," मी म्हटलं. "पडलाही होता एकदा. राजाची मिशी त्याच्या हातात आली."

"आणि एकेक सोडला तर?"

"तर वीसच्या वीस आत येतात आणि मिशी जागेवर राहते."

"झालं तर मग. मला विंगेत उभं राहून एकेक सोडायचाय."

म्हणजे रॅम्पच्या वरच्या टोकाला एक सिग्नल. दर सहा सेकंदांनी हिरवा, एका हिरव्याला एकच गाडी. अकरा वर्षं ही कल्पना त्यांनी एका साहेबांमागून दुसऱ्या साहेबांपुढे मांडली. एक म्हणाले, "बाई, रस्ता जाण्यासाठी असतो, थांबण्यासाठी नव्हे." दुसरे म्हणाले, "लोक दगड मारतील." तिसऱ्यांनी चहा पाजून परत पाठवलं. चौथे साहेब आले ते वन्संच्या मुलासारखे शोभतील अशा वयाचे. त्यांनी वन्संच्या वह्या मागवल्या आणि दोन तास वाचल्या.

"तीस दिवस देतो, बाई," ते म्हणाले. "चार रॅम्प. जमलं तर ठीक, नाहीतर खांब उपटून भंगारात."

वन्संच्या निवृत्तीला तेव्हा सात महिने होते.

चारांतले तीन रॅम्प शहाण्या मुलांसारखे वागले. चौथ्याने छळ मांडला. तो दवाखान्याजवळचा. अरुंद, एका बाजूला उंच दगडी भिंत, आणि खाली जिथे तो सुरू होतो तिथेच दवाखान्याचं फाटक. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला थांबलेल्या गाड्यांची रांग रॅम्पवरून उतरून फाटकापर्यंत पोचायची. रांग तिथे पोचली की कंट्रोल रूममधून नाइलाजाने दिवा हिरवाच ठेवून सगळा रॅम्प रिकामा करावा लागे. मग तीसेक गाड्या एका दमात वर, आणि हायवे ठप्प. थांबणाऱ्यांच्या शिव्या खायच्या त्या खायच्या, वर अडकणाऱ्यांच्याही.

त्या शिव्यांतल्या काही आमच्या घरूनच जात. आमच्या ह्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि जायची वाट नेमकी दवाखान्याच्या रॅम्पवरून. वन्संनी लग्न केलं नव्हतं, त्या आमच्याकडेच राहत. त्यामुळे सकाळी ज्या रांगेत हे अडकत, त्या रांगेची मालकीण रात्री जेवायला समोर बसलेली असे.

एकोणिसाव्या दिवशी, सोमवारी, एक रुग्णवाहिका फाटकात वळता वळता त्या रांगेत अडकली. चार मिनिटं. आतला माणूस सुखरूप राहिला, पण नुसत्या कल्पनेने वन्संचा चेहरा राखेसारखा झाला होता. साहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, "शुक्रवारपर्यंत बघू, बाई. शुक्रवारी रांग फाटकापुढे गेली, तर चारही सिग्नल बंद. आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही."

त्या संध्याकाळी ह्यांनी जेवताना नेमकं तेच काढलं.

"चिमणे," हे म्हणाले. सत्तावन्न वर्षांच्या बहिणीला हे चिमणीच म्हणायचे. "तुझ्या दिव्यापायी आज माझी दहा मिनिटं गेली."

"दादा, सहा सेकंदांना एक गाडी सुटते. तुझ्यापुढे तीस गाड्या होत्या असं धरलं तरी तीन मिनिटं. दहा कुठून आणलीस?"

"दुकानातून! अगं, चाळीस वर्षं घड्याळांच्या पोटात हात घालतोय मी, मला सहा सेकंद कळत नाहीत? तुझा दिवा कधी सहाला सुटतो, कधी चोवीसला. आज माझ्यापुढच्या गाडीला एकतीस सेकंद लाल होता. मोजलेत."

"अशक्य."

"अशक्य म्हणे. तू मोजलंस की शास्त्र, आणि मी मोजलं की कुरकुर!"

"अहो, भात निवतोय," मी म्हटलं. पण दोघांपैकी कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

वन्सं उठल्या, पिशवीतून कागदांची चळत काढली आणि ताटाशेजारी मांडली. यंत्राची सकाळची नोंद होती ती. दिवा कधी लाल, कधी हिरवा, सगळं सेकंदाबरहुकूम. त्यांचं बोट ओळींवरून उतरत एके जागी थांबलं. "आठ वाजून पाच मिनिटं. लाल, एकतीस सेकंद." मग हळूच म्हणाल्या, "पण यंत्र म्हणतंय, तेव्हा रेषेवर गाडीच नव्हती."

"गाडी नव्हती? मग माझ्यापुढचा काय हवेत तरंगत होता?"

इथे एक गोष्ट सांगायला हवी. थांबायची जी पांढरी रेषा असते, तिच्याशी डांबराखाली तारेचं एक वेटोळं पुरलेलं असतं. गाडी त्याच्यावर येऊन उभी राहिली की यंत्राला कळतं, कुणीतरी आलंय. मग ते हिरवा देतं. वेटोळ्यावर कुणी नसेल तर ते लालच ठेवतं. रिकाम्या रस्त्याला हिरवा कशाला दाखवायचा?

भाऊ खोटं बोलत नव्हता आणि यंत्रही खोटं बोलत नव्हतं. वन्संनी त्या ओळीवर पेनने खूण केली. "दादा," म्हणाल्या, "उद्या मला तुझ्या गाडीतून ने."

त्या एरवी बसने कामावर जात, दुसऱ्याच रस्त्याने. मंगळवारी ह्यांच्या शेजारी त्या बसल्या. मी मागे बसले. म्हटलं, भावाबहिणीचं रस्त्यात जुंपलं तर पंच हवा.

रॅम्पवर रांग होतीच. इंच इंच करत आम्ही वर गेलो. पुढची गाडी सुटली आणि आमचा पहिला नंबर आला. ह्यांनी गाडी पुढे घेतली आणि रेषेच्या चांगली दोन-अडीच मीटर अलीकडे थांबवली. दिवा लाल. आम्ही बसलो. लालच. वन्संनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"दादा, पुढे घे ना. रेषा तिकडे आहे."

"दिसतेय मला रेषा."

"मग इथे का थांबलास?"

"पुढे गेलो तर दिवा दिसत नाही म्हणून."

"दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही! थांब, दाखवतो." ह्यांनी गाडी अगदी रेषेपर्यंत नेली. "आता बघ."

वन्संनी पुढे बघितलं, मान वर केली, मग कमरेत वाकून काचेला नाक लावलं. खांब अगदी उशाशी उभा होता आणि दिवा वर, उंच. गाडीच्या टपाने तो पार झाकला गेला होता. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला, मग दुसरा. दिवा हिरवा झाला होता आणि तो दिव्याखाली बसलेल्या आम्हा तिघांनाच कळला नव्हता.

"चल, दादा," वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

हायवेवर लागल्यावर सगळं त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. माणसं दिवा दिसावा म्हणून अलीकडे थांबतात. अलीकडे थांबली की वेटोळ्यावर येत नाहीत. यंत्राला वाटतं, कुणी नाही. माणूस वीस-तीस सेकंद कंटाळतो, मग चुळबुळत पुढे सरकतो, तेव्हा कुठे यंत्र जागं होतं. एका गाडीमागे तीन-चार गाड्यांचा वेळ पाण्यात. कॅमेरा दूर आणि उंच. त्यात दोन मीटर इकडे की तिकडे, ते कळायचंच नाही. बाकीच्या तीन रॅम्पवर जागा होती म्हणून खांब रेषेच्या बराच पुढे होते. इथे भिंत आडवी आली, म्हणून तो रेषेलगत घेतला.

"कुणी घेतला?" ह्यांनी विचारलं.

"मी," वन्सं म्हणाल्या.

हे काहीतरी बोलणार होते. मी मागून त्यांच्या खांद्यावर बोट टोचलं.

साहेबांच्या खोलीत त्या दिवशी काय झालं, ते मला पुढे खुद्द साहेबांनी सांगितलं. खांब बसवणाऱ्या ठेकेदाराचा माणूसही तिथे होता आणि भीतीने अर्धा झाला होता. साहेब त्याच्यावर चढणार, इतक्यात वन्सं म्हणाल्या, "त्याला काही बोलू नका. जागा मी दिली होती. टेप घेऊन रेषेवर उभी राहिले, वर बघितलं, दिवा स्वच्छ दिसला."

"उभ्या राहून बघितलंत?"

"हो."

"गाडीत बसून नाही?"

"मला गाडी चालवता येत नाही, साहेब. पस्तीस वर्षं गाड्या वरून बघितल्या. त्यात बसलेला माणूस कुठे बघतो, हे कधी मनातच आलं नाही. चूक माझी आहे."

साहेब मला म्हणाले, "त्या खोलीत तोपर्यंत कुणी 'चूक माझी' म्हटल्याचं मला आठवत नाही. मलाच खुर्चीत कसं बसावं कळेना." खांब पुढे न्यायचा तर भिंत फोडायची, म्हणजे तीन आठवडे. हातात होते तीन दिवस. वन्संनी खांब हलवायला सांगितलाच नाही. त्यांनी मागितला एक छोटा दिवा, त्याच खांबावर, खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर.

बुधवारी दुपारी, दिवे बंद असताना, खात्याचा म्हातारा फिटर खांबाशी गुडघे टेकून बसला. त्याला सगळे मामा म्हणत. वन्सं आलटून पालटून गाड्यांत बसत होत्या: आमच्या बुटक्या गाडीत, साहेबांच्या जीपमध्ये, दवाखान्याच्या सामानाच्या ट्रकमध्ये. "मामा, चार बोटं खाली. आता दोन वर."

"बाई," मामा म्हणाले, "सगळं शहर एकेक करून बसवणार असाल तर जेवून येतो."

"आधी हा ट्रक होऊ द्या. मग आपण दोघं जेवू."

गुरुवारी छोटा दिवा लागला आणि सगळं सुरळीत झालं, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. माणसाला तीन आठवड्यांत लागलेली सवय एका दिव्याने मोडत नाही. लोक अजूनही लांबच थांबत होते. रांग आठ-बाराला फाटकाला टेकली आणि थोडक्यात वाचली.

शुक्रवारी सकाळी साडेसहालाच वन्सं रॅम्पवर जाऊन उभ्या राहिल्या. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, ते इतकं मोठं की दोन वन्सं मावतील. मी खाली दवाखान्याच्या फाटकाशी थांबले होते, आणि थोड्या वेळाने साहेबही येऊन माझ्याशेजारी उभे राहिले. रेषेपासून फाटकापर्यंत चौतीस गाड्या मावतात, हे वन्संनी त्यांना सांगून ठेवलं होतं. पस्तिसावी आली की खेळ खलास.

वरून वन्संचा आवाज येत होता. पस्तीस वर्षं तोंड मिटून मोजणारी बाई, पण काय आवाज निघाला! शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ऐकू गेला असता. "पुढे या! अजून! रेषेवर या! खालचा दिवा बघा, खालचा!"

एक टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, "काय थांबाबाई, आज चक्क पुढे या म्हणताय?"

"तुम्ही पुढे आलात तर मागच्याला थांबावं लागणार नाही. या!"

"बाई, तुमच्या शब्दाबाहेर नाही," म्हणत त्याने टेम्पो रेषेला आणून टेकवला. दिवा लगेच हिरवा झाला, तसा त्याने सलाम ठोकला आणि गेला.

आठ वाजले. रांग वीसवर गेली. आठ-पाचला सव्वीस. साहेब ओठांतल्या ओठांत मोजत होते आणि मीही. आठ-दहाला तीस. एकतीस. खालचा सिग्नल सुटला आणि आणखी दोन आल्या. तेहेतीस. साहेबांनी खिशातून फोन काढला आणि नुसता हातात धरला. चौतिसावी एक निळी गाडी फाटकाच्या खांबाशी येऊन थांबली, इतकी जवळ की पहारेकऱ्याने आपली खुर्ची मागे ओढली.

मी वर बघितलं. वन्संनी खाली बघितलंच नाही. त्यांचं लक्ष समोरच्या एका गाडीवर होतं, मग तिच्या मागून येणाऱ्या गाडीवर. हात पुढे, हात मागे, ताल एकच. तेहेतीस झाल्या. निळी गाडी पुढे सरकली. बत्तीस. आणखी दोन आल्या, पण तोवर तीन गेल्या होत्या. आठ-वीसला रांगेत चोवीस गाड्या होत्या आणि साहेबांनी फोन खिशात ठेवला.

"हायवे कसा आहे?" मी विचारलं.

"वाहतोय," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "सबंध सकाळभर वाहतोय." आणि त्या जाकिटाकडे बघत राहिले.

हे त्या दिवशी दुकानात बारा मिनिटं लवकर पोचले. संध्याकाळी मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझं घड्याळ मागे पडलं असेल." चाळीस वर्षांत या माणसाचं घड्याळ मागे पडलेलं मी पाहिलं नव्हतं. वन्सं भात वाढून घेत होत्या. त्यांनी भावाकडे बघितलं, भावाने ताटाकडे बघितलं, आणि मग पापडासारखं कडकडीत तोंड करून हे म्हणाले, "चिमणे, आज दिवा बरा होता हो तुझा." आमच्या घरात याहून मोठा गौरव कुणाच्या वाट्याला आलेला नाही, मला तर नाहीच.

तीस दिवस पुरे झाले. सिग्नल राहिले. उरलेल्या पाच रॅम्पवरही ते बसवायचं ठरलं आणि ते कसे बसवायचे याची सूचना लिहायचं काम साहेबांनी वन्संना दिलं. निवृत्तीच्या आधीचे तीन महिने त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तेच लिहीत बसत. बावीस पानं झाली. साहेबांनी सगळी वाचली आणि पहिल्या कलमातलं एक वाक्य तेवढं काढायला सांगितलं. खात्याच्या कागदावर असं लिहीत नाहीत, म्हणाले.

"मग सगळी बावीस पानंच काढा," वन्सं म्हणाल्या. "पुढे जो कुणी खांब बसवायला जाईल, तो हुशारच असणार. माझ्यासारखी चूक हुशार माणसाच्याच हातून होते. त्याला कळू दे."

वाक्य राहिलं. त्या सूचना अजून लागू आहेत. आज शहरात नवा रॅम्प झाला की इंजिनियर पोरं ते बावीस पानी पुस्तक उघडतात, त्यावर वन्संचं नाव कुठे नाही, आणि पहिलंच कलम वाचतात: "खांबाची जागा ठरवण्यापूर्वी लहान आणि मोठ्या गाडीत, चालवणाऱ्याच्या जागी बसून, रेषेवरून दिवा दिसतो का ते स्वतः पाहावे. हे लिहिणारीने पाहिले नव्हते."